पन्नास रुपयांचे पाच शेअर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीतल्या आमच्या घरात कृष्णा शिरली, तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी लोखंडी कपाटातली निळी फाईल काढून माझ्या हातात दिली. टीव्ही, मिक्सर, गाद्या नंतर. मारुती चौकापासून आमची बिल्डिंग फार लांब नाही. चार-चार फ्लॅटचे तीन मजले, एकूण बारा बिऱ्हाडं, आणि आम्ही तळमजल्याला. मी नुकताच इंजिनिअर झालो होतो आणि कंपनीच्या जॉइनिंगच्या मेलची वाट बघत घरी बसलो होतो. फाईल घेऊन जिन्यात चढताना माझा पाय घसरला आणि फाईल पाण्यात पडली.

पुढचे पाच दिवस आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये होतो. आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. लाईट नव्हती. फोन बंद पडत चालले होते. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ती बातमी आम्हाला ट्रान्झिस्टरवर कळली. या सगळ्यात बाबा काकूंच्या हॉलमध्ये दोरी बांधून फाईलमधले कागद एकेक करून वाळत घालत होते. खरेदीखत, लोनचे कागद, घरपट्टीच्या पावत्या. आणि त्यांच्यात एक जाडसर, वेलबुट्टीची किनार असलेला कागद. शेअर सर्टिफिकेट.

मी तो पहिल्यांदाच नीट वाचला. बाबांच्या नावावर सोसायटीचे पाच शेअर आहेत, प्रत्येकी पन्नास रुपयांचे, पूर्ण भरलेले. एकूण अडीचशे रुपये. हा फ्लॅट बाबांनी १९९९ साली सव्वातीन लाखांना घेतला होता. हप्ते फेडताना आईच्या पाटल्या दोनदा गहाण पडल्या होत्या.

"बाबा, एवढ्या घराचा कागद अडीचशे रुपयांचा?"

"घराचा नाही रे तो," बाबा कागदाचं टोक चिमट्यात अडकवत म्हणाले. "मेंबरकीचा आहे."

तेव्हा मला हा शब्दांचा खेळ वाटला. तो तसा नाही हे कळायला मला तीन वर्षं आणि मुंबईतली एक नकाराची मुलाखत लागली.

*

२०२२ मध्ये वर्क फ्रॉम होम संपलं आणि कंपनीने मुंबईला बोलावलं. आम्ही तीन मित्र घर शोधत होतो. एका उपनगरातल्या जुन्या, नीटनेटक्या सोसायटीत एक टू बीएचके मिळत होता. मालक तयार होते, डिपॉझिट तयार होतं. ब्रोकर म्हणाला, "एकदा कमिटीला भेटून घ्या, फॉर्मॅलिटी आहे."

सोसायटीच्या ऑफिसात तीन काका बसले होते. त्यांनी कंपनी विचारली, पगार विचारला नाही. आडनावं विचारली. मग गाव. मग थोडं थांबून, "जेवणाचं कसं? म्हणजे घरात काही... बनवता का?" आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी पाटणचा, दुसरा तासगावचा, तिसरा माणमधला. बुधवार-रविवार आमच्या घरांत काय शिजतं ते लपवण्यासारखं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. माझा माणमधला मित्र म्हणाला, "मटण बनवतो काका, चांगलं बनवतो." काका हसले. संध्याकाळी ब्रोकरचा फोन आला. कमिटीला फॅमिली पाहिजे.

भिंतीवर सोसायटीचा रजिस्ट्रेशन नंबर फ्रेम करून लावलेला होता. खाली ठळक अक्षरात 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित'. ज्यांनी आम्हाला सहकार नाकारला त्यांच्या नावात 'सहकारी' हा शब्द आला कुठून, असा एक चिडका प्रश्न डोक्यात घेऊन मी लोकलमध्ये बसलो. पुढे काही महिने, ऑफिसनंतर, तो प्रश्न सोडवत राहिलो. कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की आपण ती पहिल्यांदा कुणी आणि कधी लिहिली ते मागे मागे जाऊन बघतो ना, तसं. मागे जात जात मी गावदेवीला पोचलो.

*

गावदेवी म्हणजे दक्षिण मुंबईत ग्रँट रोड आणि चौपाटीच्या मधला भाग. गांधीजींचं मुंबईतलं मुक्कामाचं घर, मणिभवन, इथेच. त्याच गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी आहे. १९१५ साली नोंदवलेली. आशियातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून ती ओळखली जाते. बारकाईने सांगायचं तर घरबांधणीसाठी कर्ज देणारी सहकारी संस्था बंगळुरूत १९०९ मध्येच सुरू झाली होती. पण लोकांनी एकत्र येऊन संस्था काढायची, संस्थेने इमारती उभ्या करायच्या आणि सभासदांनी त्यात राहायचं, हा प्रकार आपल्याकडे गावदेवीपासून धरतात.

ही संस्था उभी करणारा माणूस म्हणजे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. सहकारी गृहनिर्माण चळवळीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाची. तालमकी चित्रापूर सारस्वत समाजातले. हा समाज मूळचा कानडा मुलखातला, म्हणजे आजच्या कारवार-मंगळूर पट्ट्यातला. शिकलेली मुलं कारकुनीसाठी मुंबईला यायची. त्यांना इथे दोन गोष्टी लागायच्या, अडीअडचणीला पैसे आणि डोक्यावर छप्पर.

पैशांचं आधी झालं. १९०४ साली इंग्रज सरकारने सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. तो मुख्यतः खेड्यातल्या कर्जबाजारी शेतकऱ्यासाठी होता. तालमकींनी तो शहरातल्या कारकुनासाठी वापरला. १९०६ च्या डिसेंबरात त्यांनी शामराव विठ्ठल यांच्या नावाने पतसंस्था काढली. तीच आजची एसव्हीसी बँक. पण १९०४ च्या कायद्यात फक्त पतपेढीला जागा होती. घरं बांधणारी संस्था त्यात बसत नव्हती. १९१२ साली नवा कायदा आला आणि कर्जाखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागली. तीन वर्षांत गावदेवीची सोसायटी नोंदली गेली.

छपराची गरज किती होती हे समजायला अजून थोडं मागे जायला हवं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, मांडवीपासून. दाटीच्या, अंधाऱ्या चाळींत तो पसरला. १८९८ मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, नवे प्लॉट आखले. पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरं कमी होती आणि ती पगारदाराच्या आवाक्यात येतीलच असं नव्हतं. पहिल्या महायुद्धात भाडी इतकी चढली की १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. अशा शहरात कारकुनापुढे घरमालकाला धरून राहणं हा एकच रस्ता होता. तालमकींनी दुसरा काढला. मालकच नको.

*

आता इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला, कारण त्या मॉडेलची रचना खरंच सुंदर आहे. इंग्रजीत त्याला 'को-पार्टनरशिप टेनन्सी' म्हणतात. आपण सहभागी भाडेकरू म्हणू. मूळ कल्पना इंग्लंडमधली. लंडनच्या पश्चिमेला ईलिंग इथे १९०१ मध्ये काही कामगारांनी 'ईलिंग टेनंट्स' नावाची कंपनी काढून ती राबवली होती.

चालतं ते असं. जमीन आणि इमारत संस्थेची. सभासद संस्थेचे शेअर घेतो, त्यातून थोडं भांडवल उभं राहतं. उरलेलं संस्था कर्जाऊ घेते. सभासद आपल्या खोल्यांचं भाडं संस्थेला देतो. त्या भाड्यातून कर्ज फिटतं, डागडुजी होते, कर भरले जातात. घरमालकाच्या खिशात जाणारा नफा या हिशेबात नाहीच. सभासद एकाच वेळी भाडेकरूही असतो आणि मालकांपैकी एकही असतो. पण एकटा तो कशाचाच मालक नसतो. घर सोडलं तर शेअरचे पैसे परत मिळतात. मधल्या काळात जागेची किंमत दहापट झाली तर ती वाढ एकट्याच्या घरी जात नाही, संस्थेकडे राहते.

म्हणजे बाबा बरोबर म्हणत होते. तो कागद घराचा नव्हताच. शंभर वर्षांपूर्वीच्या या रचनेत शेअर हीच मुख्य गोष्ट होती, घर त्याच्या मागून यायचं. आज आपण लाखोंचा फ्लॅट घेतो आणि अडीचशे रुपयांचे शेअर रिवाज म्हणून येतात, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी काढून न टाकलेल्या फंक्शनसारखे.

त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही लोक हेच करत होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, सनसेट पार्क भागात, फिनलंडहून आलेल्या कुटुंबांनी १९१६ मध्ये स्वतःची सहकारी इमारत बांधली. नाव ठेवलं 'आल्कू'. फिनिश भाषेत त्याचा अर्थ 'सुरुवात'. ना-नफा तत्त्वावरच्या अमेरिकन गृहसहकाराची सुरुवात तिथून मानतात. गावदेवी तिच्याहून एक वर्षाने मोठी आहे. फिनलंडचा सुतार आणि कारवारचा कारकून एकमेकांना ओळखत नव्हते. पण अनोळखी शहरात आल्यावर दोघांनी आधी आपली भाषा बोलणारी माणसं गोळा केली आणि मग विटा.

गावदेवी ही सारस्वतांची संस्था होती. नावातच होतं ते. कमिटीने मला आडनाव विचारलं तेव्हा मला वाटलं होतं की चांगल्या कल्पनेची पुढे कुणीतरी वाट लावली असणार. मागे गेल्यावर दिसलं की आडनाव पहिल्या दिवसापासून तिथे आहे. शहरातल्या घरांसाठी सहकार आला तोच समाज धरून. त्याला कारणही होतं. कुणाच्याही कर्जाला संस्था जामीन राहते तेव्हा कोण बुडवणार नाही हे माहीत असावं लागतं, आणि १९१५ साली ती माहिती जातीच्या नात्यांतून मिळायची. क्रेडिट स्कोअर नव्हता, मामा होता.

एका रविवारी मी गावदेवीत जाऊन आलो. आत जाण्याचं काही कारण नव्हतं, गेलो नाही. बाहेर उभा राहून पाहिलं. खिडकीत कपडे वाळत होते. एक आजोबा पिशवी घेऊन भाजीला निघाले होते. कुठल्याही इमारतीत दिसावं तेवढंच.

*

माझे आजोबा गावदेवीपासून चार-पाच किलोमीटरवर राहायचे, लालबागला. पण ते कधी गावदेवीत गेले असतील असं मला वाटत नाही.

आमचं गाव पाटण तालुक्यात. आजोबा १९५० च्या दशकात मुंबईला गिरणीत लागले. त्या काळी सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झालेले होते. १९४९ मध्ये झालेला दक्षिण सातारा पुढे १९६० मध्ये सांगली जिल्हा झाला. आजीच्या बोलण्यात अजून शिराळा, वाळवा "साताऱ्यातच" असतात. या दोन्ही तुकड्यांतल्या डोंगराकडच्या गावांची एक जुनी व्यवस्था होती, मुंबईतली गावची खोली. आमच्याकडे तिला गाळा म्हणतात. गोव्याच्या गावांचे धोबीतलावच्या आसपास 'कूड' होते, ते याचेच भाऊबंद.

गाळा म्हणजे चाळीतली एक खोली. बीडीडीच्या चाळी ठाऊक असतील तर अंदाज येईल. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला २०७ चाळी बांधल्या आणि त्यातली एकेक खोली साधारण १६० चौरस फुटांची. आमचा गाळा खाजगी मालकाच्या चाळीत होता, तेवढाच असेल. आजी एकदाच तिथे जाऊन आली होती, आजोबा आजारी पडले तेव्हा. ती सांगते, "भिंतीला चौफेर फळ्या, फळीवर ट्रंका. एका ट्रंकंवर एक माणूस. वीस-बावीस ट्रंका हुत्या. माणसं कुठंत म्हनून इचारलं तर म्हनले, पाळीला."

त्या एका वाक्यात सगळा हिशेब आहे. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या म्हणून एका जमिनीवर तीन जण झोपू शकत. रात्रपाळीचा परत आला की दिवसपाळीचा उठलेला असे. जेवण खानावळीत, महिन्याच्या बोलीवर. उन्हाळ्यात गॅलरीत, नाहीतर फुटपाथवर पथारी. दाराच्या वर भैरोबाचा फोटो. दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेली वर्गणी द्यायची. त्यातून भाडं जायचं, उरलेलं डब्यात. डब्यातल्या पैशातून कुणाचा मयताचा खर्च, कुणाचं गावी जायचं तिकीट, गावच्या शाळेची कौलं, जत्रेची वर्गणी. नवा पोरगा गावाहून आला की त्याला पहिले दोन महिने वर्गणी माफ. नोकरी लागली की सुरू.

शेअर नाही, पोटनियम नाहीत, रजिस्ट्रार नाही. तरी सभासदत्व होतं, भांडवल होतं, राखीव निधी होता, नव्या सभासदाला सवलतही होती. मी आजीला गंमतीने म्हणालो, "म्हणजे गाळा पण सोसायटीच की गं." आजी म्हणाली, "सोसायटी बँक आसती. ह्यो गाळा."

फरक काय ते पुढे कळलं. भाडेपावती एकाच माणसाच्या नावावर होती, सगळ्यांत आधी गेलेल्याच्या. १९४७ च्या भाडेकायद्याने तो भाडेकरू आणि बाकीचे वीस जण कागदावर कुणीच नाहीत. गिरण्या चालू होत्या तोवर त्याने काही बिघडलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि तो रीतसर कधी संपलाच नाही. आजोबा वर्षभर थांबून ट्रंक घेऊन गावी आले. बाबा तेव्हा शाळेत होते. हळूहळू गाळा रिकामा झाला. बऱ्याच वर्षांनी चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा जागेच्या बदल्यात जो फ्लॅट मिळाला तो पावतीवरच्या नावाच्या वारसांना मिळाला. त्यांनी गावच्या देवळाला सभामंडप बांधून दिला. कुणी कोर्टात गेलं नाही. जाणार काय घेऊन? आजोबांकडे तीस वर्षांच्या वर्गणीचा एकही कागद नव्हता.

गावदेवीच्या कारकुनाकडे शेअर सर्टिफिकेट होतं आणि लालबागच्या कामगाराकडे भैरोबाची शपथ होती. १९१२ चा कायदा दोघांनाही खुला होता. पण तो वाचायला इंग्रजी यावं लागे, नोंदणीला अर्ज करावा लागे, ओळखीचा वकील लागे. पुरात बाबांनी टीव्हीच्या आधी फाईल का उचलली ते मला या टप्प्यावर समजलं.

*

इथवर लिहून लेख संपवता आला असता. शिकलेल्यांना कायदा मिळाला, कष्टकऱ्यांना नाही, आणि मी कष्टकऱ्यांचा नातू. पण गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मी चुलत आजोबांना एक प्रश्न विचारला. ते आता नव्वदीला टेकलेत, गाळ्यात राहिलेल्यांपैकी शेवटचे.

"तात्या, गाळ्यात गावातले सगळे राहायचे?"

"सगळं म्हंजी? समदं गाव आपलं हुतं."

"म्हणजे खालच्या आळीतले पण?"

तात्यांनी पानाचा देठ खुडला. बराच वेळ काही बोलले नाहीत. "त्येंची येगळी खोली हुती. नायगावला. आमच्यात न्हाई यायचं ते."

"यायचे नाहीत, की घ्यायचे नाहीत?"

"त्या टायमाला कोन इचारत न्हवतं आसलं," तात्या म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "आमी बी नाय इचारलं."

मला त्या कमिटीतल्या काकांचं हसू आठवलं. "फॅमिली पाहिजे" म्हणताना त्यांनाही कुणी विचारत नव्हतं.

आणि आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता असंही नाही. बाबासाहेब आंबेडकरांचं लहानपण साताऱ्यात गेलं. १९०१ च्या उन्हाळ्यात ते, त्यांचे भाऊ आणि भाचे साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरले. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीवर होते, तिथे जायचं होतं. मुलांची जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, मुलांनी गाडी स्वतः हाकायची, या बोलीवर एक तयार झाला. रात्रभर त्या मुलांना प्यायला पाणी मिळालं नाही. मसूर आमच्या घरापासून जाताना कराडच्या पुढे आहे. मी त्या स्टेशनवरून शंभर वेळा गेलो असेन. १९१७ मध्ये, परदेशात शिकून आलेल्या त्याच माणसाला बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले, आणि कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. गावदेवीची सोसायटी तेव्हा दोन वर्षांची होती.

आणि याच साताऱ्यात उत्तरही दिलं गेलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. १९२७ साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. पैसे कधीच पुरले नाहीत. पोरांना जेवू घालायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शाळेत कर्मवीरांवर निबंध मी तीनदा लिहिला, दर वेळी दागिन्यांचा प्रसंग घातला. पण ते बोर्डिंग हे घरांच्या इतिहासातलं एक पान आहे हे मला कधी सुचलं नव्हतं. कोण कुणाशेजारी झोपेल आणि कोण कुणाच्या हातचं खाईल, हाच तर घराचा प्रश्न असतो.

*

कायद्याच्या पुस्तकात पुढे काय झालं ते थोडक्यात. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात संस्था काढायला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागत. १९६३ मध्ये फ्लॅटच्या मालकीचा कायदा, म्हणजे 'मोफा', आला आणि क्रम उलटला. गावदेवीत आधी माणसं एकत्र आली, मग संस्था झाली, मग इमारत. आता बिल्डर आधी इमारत बांधतो, फ्लॅट विकतो आणि मग ज्यांनी घेतले त्यांची संस्था होते. एकमेकांना न ओळखणारी माणसं सह्या करतात. पार्किंगवरून भांडतात. हे वाईटच असं नाही. याच उलट्या क्रमामुळे आमच्या सांगलीच्या बिल्डिंगमध्ये बारा आडनावं आली, जी एरवी एका संस्थेत आली नसती.

पण आडनावाचा दरवाजा बंद झाला नाही. सहकाराचं मूळ तत्त्व म्हणून जगभर ज्याचा दाखला देतात ते म्हणजे खुलं सभासदत्व. १८४४ मध्ये इंग्लंडच्या रॉचडेलला विणकरांनी, म्हणजे आजोबांच्या धंदेबंधूंनी, काढलेल्या दुकानापासून ते चालत आलंय. तरीही २००५ साली, अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सभासदत्व फक्त आपल्या समाजापुरतं ठेवणारा पोटनियम करायला संस्थेला मुभा आहे. संघटना करण्याच्या स्वातंत्र्यात कुणाबरोबर संघटना करायची हेही येतं, असा त्यातला विचार.

या निकालावर मी बरेच दिवस अडकलो होतो. लहान, विरत चाललेल्या समाजाला एकत्र राहावंसं वाटणं मला समजतं. सनसेट पार्कच्या फिनिश लोकांनाही तेच वाटलं होतं. पण तोच नियम एका समाजासाठी आसरा असतो आणि दुसऱ्यासाठी बंद फाटक, आणि बाहेर कोण उभं आहे त्यावर तो कसा दिसतो ते ठरतं. नकार आला तेव्हा मी फाटकाबाहेर होतो. गाळ्यात आत होतो. मी म्हणजे माझे आजोबा, पण त्या गाळ्यातूनच माझं शिक्षण आलंय, तेव्हा मीच.

*

पुरानंतरच्या आठवड्यात बाबांनी एक दोनशे पानी वही काढली. ते तेव्हा सोसायटीचे खजिनदार होते, आजही आहेत. पाच दिवसांत वरच्या मजल्यांवर जे काही शिजलं, त्याचा सगळा हिशेब त्यांनी लिहिला. तांदूळ कुणाचा, गॅस कुणाचा, दूध पावडर कुठून आली, मेणबत्त्या किती. आठ स्वयंपाकघरांतलं सामान एकत्र करून एकाच घरात शिजलं होतं. पहिल्या दिवशी कुणाच्या हातचं कोण खाणार यावर दोन घरांत थोडी कुजबुज झाली. दुसऱ्या दिवशी पाणी जिन्याच्या आठव्या पायरीला लागलं आणि कुजबुज थांबली. एकूण खर्चाचे बारा भाग झाले. तळमजल्यावर एक भाडेकरू कुटुंब होतं. ते सभासद नव्हते, त्यांच्याकडे शेअर नव्हते. बाबांनी त्यांचा भाग मालकाकडून न घेता त्यांच्याकडूनच घेतला. मला ते कोरडं वाटलं होतं. बाबा म्हणाले, "नाही घेतला तर ते पाहुणे झाले असते."

या जुलैत सोसायटीची वार्षिक सभा झाली. मी मुंबईहून व्हिडिओ कॉलवर होतो, कारण बाबांना अजेंड्याची पीडीएफ स्क्रीनवर शेअर करता येत नाही. विषय क्रमांक सातवर एका सभासदाने सुचवलं होतं की यापुढे फ्लॅट भाड्याने देताना कमिटीने भाडेकरूची मुलाखत घ्यावी आणि 'योग्य कुटुंबांनाच' परवानगी द्यावी. 'योग्य' म्हणजे काय, असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. मी कॉलवर अनम्यूट केलं, पण मी सभासद नाही, मला बोलायचा अधिकार नाही. पुन्हा म्यूट केलं.

बाबा उठले. त्यांनी भाषण केलं नाही, त्यांना ते जमत नाही. त्यांनी ती दोनशे पानी वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "२०१९ चा हिशेब अजून ऑडिटला दाखवायचा राहिलाय. त्यात भाडेकरूचा एक भाग आहे. आधी तो कुठल्या खात्यात धरायचा ते ठरवू, मग हा विषय घेऊ."

पंधरा मिनिटं त्यावर चर्चा झाली. कुणालाच ठरवता आलं नाही. इतिवृत्तात लिहिलंय, विषय क्रमांक ७ पुढील सभेपर्यंत तहकूब.